घसरू द्यावे की नाही? : पट्टा, कप्पी आणि सुपरचार्जर

मे १९०८. अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात विल्क्स-बॅर गावाजवळ ‘जायंट्स डिस्पेअर’ नावाचा एक अवघड चढ आहे. राक्षसानेही हात टेकावेत, अशा अर्थाचे हे नाव. या चढावर मोटारींची शर्यत भरत असे. त्या वर्षी विली हॉप्ट या चालकाने चॅडविक कंपनीची सहा सिलिंडरची अवजड मोटार चढावर पळवली आणि शर्यत जिंकली. या मोटारीच्या इंजिनाला एक नवी जोड दिलेली होती. इंजिन आपण होऊन जेवढी हवा ओढून घेते, तिच्यापेक्षा जास्त हवा त्यात कोंबणारा एक पंखा तिला बसवला होता. अशा यंत्राला आज आपण सुपरचार्जर म्हणतो.

हा पंखा इंजिनाच्या नऊपट वेगाने फिरे. इंजिनाने मिनिटाला हजार फेरे घेतले की पंखा नऊ हजार घेई. ली चॅडविक या अभियंत्याने इंजिनाचे बळ पंख्यापर्यंत पोचवले ते चामड्याच्या सपाट पट्ट्याने. इंजिनाच्या गतिपालक चक्रावरून निघालेला पट्टा पंख्याच्या लहानशा कप्पीवरून फिरवलेला होता. आपल्याकडे पिठाच्या गिरणीत मोटरपासून जात्यापर्यंत जाणारा लांब पट्टा अनेकांनी पाहिला असेल. जात तीच.

आज एखाद्याला मोटारीला सुपरचार्जर बसवायचा असेल, तर पट्ट्यांचे चार प्रकार त्याच्यासमोर असतात. सपाट पट्टा, पाचरीच्या आकाराचा व्ही-पट्टा, आतून दाते असलेला पट्टा आणि लांबीच्या दिशेने पन्हळी असलेला पट्टा. यांतला चांगला कोणता, असे विचारले तर बहुतेक जण सांगतील, ‘जो घसरत नाही तो.’ शाळेतही आपण घर्षणाचे फायदे-तोटे शिकवताना पट्ट्याची घसरण तोट्याच्या रकान्यात टाकून मोकळे होतो. इतिहास मात्र इतके सोपे उत्तर देत नाही. चॅडविकपासून आजपर्यंत अभियंत्यांना पडलेला खरा प्रश्न ‘पट्टा कोठे घसरू द्यावा आणि कोठे मुळीच घसरू देऊ नये’ हा होता. त्या प्रश्नाची ही गोष्ट.

हवा कोंबायची कशाला?

पेट्रोल इंजिनात एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे पंधरा ग्रॅम हवा लागते. पेट्रोल हवे तेवढे सोडता येते, अडते ते हवेवाचून. सिलिंडरचे आकारमान ठरलेले, वातावरणाचा दाब ठरलेला, त्यामुळे दट्ट्या खाली जाताना आत येणारी हवाही ठरलेली. हवा आधीच दाबून आत सोडली, तर त्याच आकाराच्या सिलिंडरमध्ये जास्त पेट्रोल जळेल आणि जास्त शक्ती मिळेल. ही कल्पना मोटारीइतकीच जुनी आहे. गॉटलीब डाइमलर यांनी १८८५ सालीच त्याचे एकस्व घेतले होते.

हवा कोंबणारे यंत्र तर त्याहून जुने. इंडियाना राज्यातील कॉनर्सव्हिल येथे फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स हे भाऊ लोकरीची गिरणी चालवत. गिरणीसाठी चांगले पाणचक्र करण्याच्या खटपटीतून त्यांना एका पंपाची कल्पना सुचली, आणि १८६० साली त्यांनी त्याचे एकस्व घेतले. एका पेटीत इंग्रजी आठच्या आकड्यासारखे दोन ठोकळे एकमेकांना न घासता उलट दिशांनी फिरतात आणि हवेचा एकेक घास एका बाजूने उचलून दुसऱ्या बाजूला टाकतात. हा रूट्स पंप आधी भट्ट्यांना आणि खाणींना हवा पुरवण्यासाठी वापरला गेला. मोटारीत तो पुष्कळ नंतर आला.

सुपरचार्जरची ही दोन मुख्य घराणी. रूट्स घराण्यात प्रत्येक फेऱ्याला हवेचा ठरावीक घास जातो, म्हणून फेरे दहा टक्के कमी झाले की हवाही साधारण दहा टक्के कमी होते. चॅडविकचा पंखा दुसऱ्या, म्हणजे केंद्रोत्सारी घराण्यातला. त्याने निर्माण केलेला वाढीव दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. तेथे फेरे दहा टक्के घटले, तर दाब ०.९ × ०.९ म्हणजे ०.८१ पटीवर येतो. थोडी घसरण झाली तरी बराच दाब हातचा जातो.

चामड्याचा पट्टा

चॅडविकने चामड्याचा पट्टा निवडला, यात नवल काही नाही. त्या काळी कारखान्यात शक्ती वाटण्याची तीच रीत होती. इंग्लंडमधील गिरण्यांत पाणचक्रापासून यंत्रांपर्यंत शक्ती नेण्यासाठी दातांची चाके आणि लोखंडी दांडे असत. अमेरिकेत लॉवेल येथील एका कापडगिरणीत १८२८ साली पॉल मूडी यांनी मुख्य दंतचक्रांच्या जागी चामड्याचे रुंद पट्टे लावले. ते स्वस्त होते, आवाज कमी करत आणि तुटले तर शिवता येत. पुढे अमेरिकी कारखान्यांत छताजवळून जाणारा लांब दांडा आणि त्यावरून प्रत्येक यंत्राकडे उतरणारे पट्टे हे नेहमीचेच दृश्य झाले.

सपाट पट्टा कप्पीला पकडतो कसा? धक्क्याला होडी लावणारा खलाशी आठवा. तो दोराचे दोन वेढे खुंट्याला घालतो आणि टोक एका हातात धरतो. भरतीच्या पाण्यावर हिसके देणारी होडी त्याला एका हाताने आवरते. या चमत्काराचे गणित ऑयलर या थोर गणितज्ञाने अठराव्या शतकात मांडले आणि योहान आयटेलवाइन या जर्मन अभियंत्याने १८०८ सालच्या आपल्या ग्रंथात ते अभियंत्यांच्या हाती दिले. त्याचे सार असे : वेढा बेरजेने वाढतो, पकड गुणाकाराने वाढते.

घर्षणगुणांक ०.३ धरला तर अर्ध्या वेढ्याने दोराच्या घट्ट बाजूचा ताण सैल बाजूच्या ताणाच्या सुमारे २.६ पट होऊ शकतो. त्यापुढे प्रत्येक पूर्ण वेढ्याला हे गुणोत्तर ६.६ पटींनी वाढते. दीड वेढ्याला ते १७ होते, अडीच वेढ्यांना १११. मात्र वेढा कमी केला तर पकड तितक्याच झपाट्याने जाते. मोठ्या चाकावरून लहान कप्पीवर जाणारा पट्टा लहान कप्पीला अर्धा वेढासुद्धा घालत नाही. एक तृतीयांश वेढा, म्हणजे १२० अंश मिळाले, तर सपाट पट्ट्याचे गुणोत्तर केवळ १.९ उरते.

चॅडविकची अडचण येथे आहे. नऊपट वेग हवा म्हणजे कप्पी लहान हवी, आणि कप्पी लहान म्हणजे वेढा तोकडा. पट्टा घसरणारच. घसरू नये म्हणून तो जास्त ताणला, तर दांड्याच्या बेअरिंगवर भार येतो. त्यात तेल उडाले, पाऊस पडला, चामडे सैल झाले की घर्षणगुणांकच बदलतो.

पण याच घसरणीचा एक उपकारही होता. समजा, पंखा इंजिनाच्या नऊपट वेगाने फिरतो आहे आणि चालकाने एकाएकी इंजिनाचा वेग बदलला. इंजिनाचा वेग जेवढा बदलेल त्याच्या नऊपट पंख्याचा बदलायला हवा, म्हणून पंख्याला नऊपट बलाघूर्ण लागते. शिवाय कप्प्यांच्या गुणोत्तरामुळे ते इंजिनाच्या दांड्यावर पुन्हा नऊपट होऊन येते. म्हणजे पंख्याचे जडत्व इंजिनाला नऊ गुणिले नऊ, एक्याऐंशी पट जाणवते. छोटासा पंखा, पण हिसका मोठ्या चाकाचा. असा हिसका बसला की चामड्याचा पट्टा क्षणभर घसरतो, पंख्याला वेग बदलायला सवड मिळते आणि काही मोडत नाही. घरातील विजेच्या फ्यूजचे काम पट्टा करत होता. फरक एवढाच, की फ्यूज वितळून जातो आणि पट्टा पुन्हा पकड घेतो.

दातांच्या चाकांचा काळ

पहिल्या महायुद्धानंतर मोटार-अभियंत्यांनी पट्ट्याला रजा दिली. मर्सिडीजने १९२१ च्या बर्लिन प्रदर्शनात सुपरचार्जर लावलेल्या मोटारी मांडल्या. त्यांतला रूट्स पंप दातांच्या चाकांवर चाले. चाके घसरत नाहीत, मग हिसका कोण सोसणार? मर्सिडीजने मध्ये एक क्लच घातला. चालकाने पाय पूर्ण दाबला की क्लच जुळे, पंप किंचाळत फिरू लागे, आणि पाय उचलला की सुटे. १९२३ मध्ये माँझा येथील इटालियन ग्राँ प्री शर्यत रूट्स पंप लावलेल्या फियाटने जिंकली आणि शर्यतींच्या जगात सुपरचार्जरचे युग सुरू झाले. इंग्लंडमध्ये १९२९ पासून ‘ब्लोअर बेंटली’ धावू लागली. तिचा भला मोठा रूट्स पंप इंजिनाच्या पुढे, थेट क्रँकशाफ्टच्या टोकाला जोडलेला होता. वेगाचे गुणोत्तर एक असल्याने तेथे एक्याऐंशीचा प्रश्न नव्हता. त्याची किंमत म्हणून पंप आकाराने मोठा ठेवावा लागला.

विमानांच्या इंजिनांत तर केंद्रोत्सारी पंखे प्रचंड वेगाने फिरवायचे होते. तेथे दातांच्या चाकांना पर्याय नव्हता, पण निव्वळ दातांवर कोणी विसंबले नाही. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन विमानांच्या डाइमलर-बेंझ ६०१ इंजिनात पंखा तेलाने भरलेल्या जोडणीतून फिरवला जाई. दोन पात्यांच्या वाट्या समोरासमोर आणि मध्ये तेल. उंची वाढेल तसे तेल वाढवून घसरण कमी करत नेत. ज्या घसरणीला चॅडविकच्या पट्ट्यात नाइलाज म्हणून सोसले होते, तिला येथे लगाम घालून कामाला लावले होते.

पाचरीचे बळ

मधल्या काळात पट्ट्याने स्वतःला सुधारले होते. कोलोरॅडोतील डेन्व्हर येथील गेट्स कंपनीत जॉन गेट्स यांनी १९१७ साली रबर आणि सुतापासून पाचरीच्या आकाराचा अखंड पट्टा तयार केला. इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खाचेत बसणारा, म्हणून व्ही-पट्टा. मोटारीच्या रेडिएटरचा पंखा फिरवण्यासाठी त्याचा झपाट्याने प्रसार झाला. कारखान्यांकडे तो नेला अॅलिस-चामर्स कंपनीच्या वॉल्टर गाइस्ट यांनी, १९२० च्या दशकात. कापडगिरण्यांत तोपर्यंत इंजिनघरातून वरच्या मजल्यांना शक्ती पुरवण्यासाठी सुती दोरांच्या रांगा खाचांच्या मोठ्या चाकांवरून खेळवत. गाइस्ट यांनी दोरांच्या जागी व्ही-पट्ट्यांची जुडी लावली. तिचे ‘टेक्सरोप’ हे नाव आपले कूळ सांगते. ‘टेक्स’ कापडाचे, ‘रोप’ म्हणजे दोर.

पाचरीने काय साधते? लाकूड फोडताना पाचरीवर वरून थोडासा घाव घातला तरी बाजूंना प्रचंड जोर पडतो. व्ही-पट्टा ताणला की तो खाचेत रुततो आणि खाचेच्या दोन्ही भिंतींवर त्याचा दाब वाढतो. दाब वाढला की घर्षण वाढते. पाचरीचा कोन ४० अंश असेल, तर घर्षणगुणांक जणू २.९ पट झाला असे गणितात दिसते. मघाचा १२० अंशांचा तोकडा वेढा घ्या. सपाट पट्ट्यात ताणांचे गुणोत्तर १.९ होते, व्ही-पट्ट्यात ते ६.३ होते. पदार्थ तोच, वेढा तोच. फक्त आकार बदलला.

व्ही-पट्ट्यामुळे सुपरचार्जर सामान्य मोटारीत आला. रॉबर्ट पॅक्स्टन मॅककुलॉक यांच्या कंपनीने १९५३ मध्ये बाजारात आणलेला केंद्रोत्सारी पंखा व्ही-पट्ट्यावर चाले. १९५४ ची कायझर मॅनहॅटन आणि १९५७ ची स्टुडबेकर गोल्डन हॉक या मोटारी त्यावर धावल्या. या पंख्याची एक युक्ती शिक्षकांना आवडेल. त्याच्या कप्पीच्या दोन भिंती जवळ-दूर होत. भिंती जवळ आल्या की पट्टा खाचेत वर ढकलला जाई, दूर गेल्या की खोल उतरे. कप्पी न बदलता तिचा व्यास बदले, आणि पंख्याचा वेगही. पाचरीच्या आकाराखेरीज ही युक्ती शक्य नाही.

आमच्या प्रयोगशाळेतील जुना निर्वात पंप असाच व्ही-पट्ट्यावर चालत असे. थंडीच्या दिवसांत सकाळी आतले तेल घट्ट झालेले असे आणि सुरू करताच पट्टा दोन-तीन सेकंद ‘चीं’ करून घसरे. मग तेल सैल होई आणि आवाज थांबे. तेवढ्या सेकंदांत मोटर तापून जळण्याऐवजी पट्टा थोडा झिजे. पट्टा स्वस्त, मोटर महाग.

मात्र व्ही-पट्ट्याला स्वतःचे दुखणे आहे. तो जाड असतो. लहान कप्पीभोवती वळताना त्याची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते. सेकंदाला अनेक वेळा असे वळावे लागले की रबर तापते आणि चिरते. एका पट्ट्याला भार झेपत नाही म्हणून शेजारी दोन-तीन लावावे, तर त्यांची लांबी तंतोतंत सारखी नसते. किंचित आखूड असलेला पट्टा सगळा भार उचलतो, बाकीचे नुसते फिरतात.

शिलाई यंत्रातून आलेले दाते

हे दुखणे तीव्रतेने जाणवले ते कॅलिफोर्नियातील हौशी मंडळींना. जनरल मोटर्स कंपनी १९३८ पासून ट्रक आणि बससाठी दोन-धावी डिझेल इंजिने बनवत असे. प्रत्येक सिलिंडरचे आकारमान ७१ घन इंच, म्हणून सहा सिलिंडरच्या इंजिनाला ‘६-७१’ म्हणत. दोन-धावी डिझेलला जळका वायू बाहेर ढकलण्यासाठी हवा फुंकावी लागते, म्हणून प्रत्येक इंजिनावर एक भक्कम रूट्स पंप असे. महायुद्धानंतर हे पंप मोडीत सहज मिळू लागले. १९५० च्या आसपास बार्नी नव्हारो आणि त्यांच्यासारख्या तरुणांनी ते फोर्डच्या इंजिनांवर चढवले आणि व्ही-पट्ट्यांच्या जुड्यांनी फिरवले. इंजिने बळकट होत गेली, पंप मोठे होत गेले आणि पट्टे घसरू, उलटू, तुटू लागले. कोणी साखळी वापरून पाहिली, कोणी पंप थेट क्रँकशाफ्टला जोडला.

उपाय आला शिलाई यंत्राच्या दिशेने. शिलाई यंत्रात सुई खाली येते त्याच क्षणी खालच्या आकड्याने दोरा पकडायला हवा. हा ताळमेळ साधण्यासाठी १९४० च्या दशकात एल. एच. गिल्मर कंपनीतील रिचर्ड केस यांनी सिंगर यंत्राकरिता आतून दाते असलेला रबरी पट्टा तयार केला. दाते कप्पीच्या खाचांत बसतात, म्हणून घसरण शून्य. साखळीसारखे तेल नको, खडखडाट नको. गिल्मर पट्टा म्हणूनच तो ओळखला जाऊ लागला. मोटारीत तो प्रथम झडपा उघडणाऱ्या दांड्यासाठी आला. १९५४ च्या डेव्हिन-पनार या शर्यतीच्या गाड्यांत त्याचा प्रयोग झाला आणि १९६२ मध्ये पश्चिम जर्मनीची ग्लास १००४ ही असा पट्टा असलेली मोठ्या प्रमाणावर तयार झालेली पहिली मोटार ठरली.

शर्यतवाल्यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात हाच पट्टा रूट्स पंपासाठी उचलला, फक्त सात-आठ सेंटिमीटर रुंद करून. ताकदवान ड्रॅग मोटारींच्या इंजिनावर उभा दिसणारा काळा रुंद पट्टा तो हाच. तेथे पंप फिरवायलाच शेकडो अश्वशक्ती खर्च होते. एवढी शक्ती घर्षणाने न्यायची तर पट्टा इतका ताणावा लागेल की क्रँकशाफ्टचे टोक वाकेल. दातेरी पट्ट्याला सैल बाजूला थोडाच ताण पुरतो, कारण भार दाते उचलतात.

पण घसरण गेली तिच्याबरोबर फ्यूजही गेला. इंजिनाचा प्रत्येक हिसका आता दात्यांच्या मुळाशी बसतो. दाते झिजत नाहीत, मुळातून कातरले जातात. मध्ये खडा सापडला तर पट्टा फाटतो. वेगात दात्यांमध्ये कोंडलेली हवा सुटताना मोठा आवाज होतो. काही सेकंदांच्या शर्यतीनंतर इंजिन उघडणाऱ्यांना हे चालते. रोज कचेरीत जाणाऱ्या मोटारीला चालत नाही.

पन्हळी पट्टा

रोजच्या मोटारीसाठी वेगळे उत्तर मिळाले. एका जाड पाचरीऐवजी सहा-आठ इवल्या पाचरी एकाच पातळ, रुंद पट्ट्याच्या आतल्या बाजूला शेजारी शेजारी काढायच्या. दोन पाचरींतील अंतर साडेतीन मिलिमीटरच्या आसपास. पट्टा एकसंध असल्याने लांबीतील फरकाचा प्रश्न मिटतो. पातळ असल्याने तो लहान कप्पीभोवती न तापता वळतो. पाचरी असल्याने पकड व्ही-पट्ट्याच्या जवळपास राहते. शिवाय त्याला उलटा वळवता येतो. पाठीवर एक मोकळी कप्पी दाबली की लहान कप्पीभोवतीचा वेढा वाढतो, आणि वेढा वाढला की पकड गुणाकाराने वाढते हे आपण पाहिलेच. १९७९ च्या फोर्ड मस्टँगमध्ये असा एकच लांब पट्टा नागमोडी वळणे घेत सगळी उपयंत्रे फिरवू लागला. दहा वर्षांनी, १९८९ च्या फोर्ड थंडरबर्ड सुपर कूपमध्ये ईटन कंपनीचा रूट्स पंप पन्हळी पट्ट्यावर चालू लागला. २००८ मध्ये ऑडीने आपल्या तीन लिटरच्या इंजिनावर ईटनचाच पंप बसवला, तोही पन्हळी पट्ट्यानेच.

एक हिशेब वर्गात करण्याजोगा आहे. समजा, इंजिनाची कप्पी १५ सेंटिमीटर व्यासाची आणि सुपरचार्जरची ६ सेंटिमीटरची. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १००. सुपरचार्जर मिनिटाला १५,००० घेईल. पट्ट्याचा वेग सेकंदाला ४७ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ १७० किलोमीटर. सुपरचार्जरला ३० किलोवॅट शक्ती लागते असे धरा. शक्तीला वेगाने भागले की दोन बाजूंच्या ताणांतील फरक मिळतो, सुमारे ६४० न्यूटन. पासष्ट किलो वजनाचा माणूस पट्ट्याला लोंबकळावा इतका. वेढा १२० अंश असेल तर सपाट पट्ट्याच्या सैल बाजूलाही ७३० न्यूटन ताण ठेवावा लागतो, पाचरीच्या पट्ट्याला केवळ १२० न्यूटन. इतक्या वेगात पट्टा बाहेर फेकला जाऊ पाहतो, तो परिणाम येथे धरलेला नाही. त्यासाठी पट्टा हलका असलेला बरा, आणि तेथेही पन्हळी पट्टा जाड पट्ट्याला मागे टाकतो.

बळ की ताल?

मग निवड कशी करायची? एक उदाहरण या सगळ्याचा उलगडा करते. फोक्सवॅगनने १९८० च्या दशकात पोलो आणि कोराडो या मोटारींसाठी ‘जी-लाडर’ नावाचा सुपरचार्जर केला. त्यात इंग्रजी जी अक्षरासारख्या वळणदार भिंतींमध्ये एक तबकडी गरगर न फिरता डोलत राहते आणि हवा ढकलते. तबकडी नीट डोलण्यासाठी आतील दोन दांडे नेमके एकाच तालात फिरावे लागतात. या दोन दांड्यांना जोडायला फोक्सवॅगनने एक छोटा दातेरी पट्टा वापरला. आणि अख्खे यंत्र इंजिनाकडून फिरवायला? पन्हळी पट्टा. एकाच यंत्राला दोन पट्टे, आणि दोन्ही आपापल्या जागी योग्य.

येथे प्रश्न स्पष्ट होतो. बळ पोचवायचे आहे की ताल सांभाळायचा आहे? झडपा आणि दट्ट्या यांच्यात ताल हवा. तेथे पट्ट्याचा एक दाता चुकला तरी इंजिन नीट चालत नाही, आणि पट्टा तुटला तर अनेक इंजिनांत झडपा दट्ट्यावर आपटतात. सुपरचार्जरला इंजिनाशी ताल राखायचा नसतो. त्याच्या ठोकळ्याचे टोक अमुक क्षणी वर होते की खाली, याने सिलिंडरला काही फरक पडत नाही. त्याला फक्त बळ हवे. म्हणून तेथे किंचित घसरण सोसता येते, आणि हिसक्याच्या क्षणी ती हवीच असते. शक्ती इतकी वाढली की घर्षण पुरे पडत नाही, तेव्हाच दात्यांकडे वळायचे, आणि हिसका सोसणारी दुसरी काही सोय करायची किंवा मोडतोड पत्करायची.

हाच प्रश्न घरातल्या पायाच्या शिलाई यंत्राला लावून पाहा. पायट्यापासून वरच्या चाकापर्यंत चामड्याची गोल वादी असते. जाड शिवण आली की ती घसरते, सुई मोडता मोडता वाचते. पण सुई आणि खालचा आकडा यांच्यामध्ये वादी नसते, तेथे पोलादी दांडे आणि कळा असतात. तेथे घसरण झाली तर एक टाकाही पडणार नाही. ज्याने हे यंत्र आखले त्याने प्रत्येक सांध्याला विचारले असणार : तुझे काम बळाचे की तालाचे?

घर्षणाचा धडा शिकवताना मुलांना एक गुळगुळीत दांडी, दोरी आणि दोन तानकाटे द्यावेत. अर्धा वेढा, दीड वेढा, अडीच वेढे घालून दोन्ही टोकांचे ताण मोजू द्यावेत आणि भागाकार मांडू द्यावा. बेरजेने वाढणारा वेढा आणि गुणाकाराने वाढणारी पकड त्यांना आकड्यांतच दिसेल. मग शिलाई यंत्र, पिठाची गिरणी, सायकल यांतील प्रत्येक जोडणी घसरू शकते की नाही याची यादी करायला सांगावी, आणि शेजारच्या रकान्यात ‘का?’ लिहायला सांगावे. सायकलची साखळी घसरली तर काय होईल आणि वादी घसरली तर काय होईल, यावर वर्गात चांगला वाद होतो.

ऑडीने २०१६ मध्ये आपल्या एका मोठ्या डिझेल मोटारीत विजेच्या मोटरने फिरणारा हवेचा पंखा आणला. त्याला पट्टाच नाही. इंजिन आणि पंखा यांच्यामध्ये आता तारा आहेत, आणि हिसका कोठे शोषायचा हे इलेक्ट्रॉनिक मंडल ठरवते. चॅडविकच्या चामड्याच्या पट्ट्याला हे ठरवायला मंडल लागत नव्हते. तो घसरायचा आणि पुन्हा पकड घ्यायचा.